पावसाच्या आडावर पहिला दिवस

वाचकहो, एप्रिल सरत आला की आपल्याकडे सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. नांगरट झालेली असते, ढेकळे उन्हात तापत पडलेली असतात, शेणखताचे ढीग शेतात टाकून झालेले असतात. पाऊस कधी येणार, किती येणार, मधेच दडी तर मारणार नाही ना, हाच पारावरचा विषय. पण ज्या ढगांची आपण वाट पाहतो त्यांचे पाणी आभाळात पिकत नाही. त्याचा मोठा वाटा येतो समुद्रातून. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. ढग हा पोहरा आणि समुद्र हा आड.

हा आड मोजणारी माणसे आहेत. त्यांची जहाजे आहेत. त्यातल्या एका जहाजावर आज तुम्हाला न्यायचे आहे, आणि तेही कुणा नामांकित शास्त्रज्ञाच्या नव्हे, तर पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थिनीच्या सोबतीने. समजा, ती तुमच्याच घरातली आहे. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, पुढे गोव्याला समुद्रविज्ञान शिकायला गेली, आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला : "आप्पा, वीस दिवस जहाजावर जायचंय. नाव लागलंय माझं. जाऊ ना?"

घरात पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. आजी म्हणते, पाण्याशी खेळ नको. आई विचारते, बायामाणसे असतात का तिथे? वडील काहीच बोलत नाहीत, नुसते बाहेर जाऊन गोठ्यात उभे राहतात. काळजी खोटी नाही. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी तो पहिला दिवस कसा असतो ते पाहून घेऊ.

घाट उतरून बंदराकडे

देशावरून गोव्याला जायचे तर मिरजेवरून रेल्वेने बेळगाव, लोंढा आणि मग दूधसागरचा घाट. पावसाळ्यात जो धबधबा दुधासारखा कोसळतो तो एप्रिलात बारीक झालेला असतो. घाट उतरला की हवा बदलते. अंगाला चिकटणारा दमटपणा येतो, माडांच्या झावळ्या दिसू लागतात, आणि गाडी वास्कोला थांबते. तिथून मुरगाव बंदर जवळच. जुवारी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, नदीच्या मुखाच्या एका अंगाला हे बंदर आणि दुसऱ्या अंगाला दोनापावला. दोनापावलाच्या उंचवट्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

या संस्थेचा जन्म एका मोठ्या मोहिमेतून झाला. १९६० नंतरच्या पाचसहा वर्षांत अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. तोवर या महासागराबद्दल जगाला फार थोडे ठाऊक होते. आपला देशही त्या कामात उतरला, आणि त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था सुरू झाली. १९७६ साली 'गवेषणी' हे जहाज आले. तिचे दिवस आता सरले. १९८३ साली जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या' आली, शंभर मीटर लांबीची. २०१४ साली संस्थेची स्वतःची 'सिंधु साधना' आली, ती ऐंशी मीटर लांब. ऐंशी मीटर म्हणजे किती, तर एसटीच्या सात गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतील तेवढी. धक्क्यावर उभे राहून पाहिले तर ती डोंगराएवढी दिसते. तीच समुद्राच्या मध्यावर गेली की तळ्यात टाकलेल्या शेंगेच्या टरफलासारखी होते.

जहाजावर पाऊल

बंदरात कुणालाही असेच शिरता येत नाही. ओळखपत्र लागते, पास लागतो, प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. लेकीने हे सगळे आधीच जमवलेले असते. धक्क्यावरून जहाजावर जायला एक तिरका जिना लावलेला असतो, खाली जाळी बांधलेली. पाऊल पडते तेव्हाच कळते की खालची जमीन आता आपली राहिली नाही. बंदरातल्या शांत पाण्यातही ती हलकेच वरखाली होत असते.

पहिले आश्चर्य दारांचे. जहाजाच्या दाराला वीतभर उंचीचा उंबरठा असतो. पाणी आत आले तर ते पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या नडगीला त्याचा प्रसाद मिळतोच. दुसरे आश्चर्य खोलीचे. दोघींना मिळून एक लहानशी केबिन. एकावर एक दोन बिछाने, आणि बिछान्याला कडेने फळी, झोपेत गडगडून खाली पडू नये म्हणून. कपाटाला कडी, खुर्चीला साखळी, टेबलाला उभी कड. जे जे सुटे असेल ते ते बांधायचे, हा जहाजावरचा पहिला धडा. बैलगाडीत कडबा भरल्यावर दोर आवळून गाठ मारणाऱ्या घरातल्या मुलीला तो समजायला वेळ लागत नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर इथेच देऊन टाकू. होय, बायामाणसे असतात. शिकणाऱ्या मुली असतात, शिकवणाऱ्या बाई असतात, आणि त्यांच्या केबिन वेगळ्या असतात. ही गोष्ट आजची नाही. नागपूरच्या अदिती पंत याच संस्थेत संशोधन करत होत्या. १९८३-८४ सालच्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी त्या बर्फाळ खंडावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. चाळीस वर्षांपूर्वी नागपूरची लेक तिथवर जाऊन आली, तेव्हा तुमच्या लेकीची वाट काही नवी नाही. त्या वाटेवर कुणाची तरी पावले आधीच उमटलेली आहेत.

जहाजावर पन्नाससाठ माणसे असतात. निम्मी जहाज चालवणारी : कप्तान, त्याचे अधिकारी, इंजिन सांभाळणारे, खलाशी, स्वयंपाकी. निम्मी संशोधनाची. संशोधनाच्या लोकांचा एक मुख्य असतो. कोठे थांबायचे, काय मोजायचे ते तो ठरवतो. पण वाऱ्यापाण्याचा धोका दिसला तर शेवटचा शब्द कप्तानाचा. त्याच्यापुढे कितीही मोठा शास्त्रज्ञ असला तरी त्याचे चालत नाही. वडीलधाऱ्यांच्या जिवाला हे ऐकून थोडे बरे वाटेल.

भोंगा

सकाळी दोरखंड सुटतात. बंदरातून बाहेर काढायला बंदराचा वाटाड्या जहाजावर चढतो, त्याला पायलट म्हणतात. खडकवाळू चुकवत तो जहाज मोकळ्या पाण्यात आणून सोडतो आणि दोरशिडीने आपल्या छोट्या बोटीत उतरून परत जातो. किनारा मागे पडू लागतो. माड पुसट होतात, मग डोंगर पुसट होतात. मोबाईलवरची रेषा एक एक करून कमी होते आणि मग रेंज तुटते. जहाजावर उपग्रहामार्फत निरोप धाडण्याची सोय असते, पण घरी बसून रोज तासभर गप्पा मारण्याएवढी ती नसते. तेव्हा घरच्यांनी फोन लागला नाही म्हणून देव पाण्यात घालून बसू नये.

इतक्यात भोंगा वाजतो. सात आखूड आणि एक लांब. सगळे धावत सुटतात. आग लागली का, बुडतोय का, अशी नव्या मुलीच्या काळजात धस्स होते. पण ही असते तालीम. जहाज निघाले की लगेचच ही तालीम घेतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकला की हातातले काम टाकायचे, बिछान्याजवळचे तरंगजाकीट अंगात चढवायचे आणि ठरलेल्या जागी जाऊन उभे राहायचे. तिथे हजेरी होते. तुझी जीवनबोट कोणती, तुझा नंबर कितवा, जाकिटाचा पट्टा कसा आवळायचा, शिट्टी कोठे आहे, हे सगळे तिथेच शिकवतात. विद्यार्थिनी असो की मोठ्या हुद्द्याचा माणूस, हजेरी सगळ्यांची.

उघड्या डेकवर कामाला जायचे तर डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट, अंगात जाकीट. चप्पल घालून आलेल्याला खलाशी परत पाठवतो. मळणीयंत्रापाशी सैल पदर किंवा लोंबता गमछा नको, हे आपण सांगतो ना, तसेच हे.

पोटातली कालवाकालव

आता एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांना समुद्र लागतो. डोळे सांगतात की खोली स्थिर आहे, आणि कानाच्या आत शरीराचा तोल राखणारा जो भाग असतो तो सांगतो की सगळे हलते आहे. या दोघांच्या भांडणात पोट उलटते. डोके जड होते, तोंडाला पाणी सुटते, जेवणाचा वास नकोसा होतो. एरवी भर उन्हात कांदे काढणारी धडधाकट पोर कठडा धरून बसते आणि मनात म्हणते, कशाला आले मी इथे?

जुने खलाशी हसत नाहीत. तेही कधीतरी नवे होते. ते सांगतात, पोट रिकामे ठेवू नको. कोरडे बिस्कीट खा, चपातीचा तुकडा खा, आल्याचा तुकडा तोंडात धर. जहाजाच्या मध्यभागी बस, तिथे हेलकावा कमी. केबिनमध्ये पुस्तकात डोके घालू नको, बाहेर येऊन दूर आभाळ आणि पाणी जिथे मिळते त्या रेषेकडे पाहा. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची ती उलटी सुरू होण्याआधी, नंतर नव्हे. दोनतीन दिवसांत शरीर सरावते. एप्रिलात समुद्र तसा शांत असतो. पावसाळ्यात जाणाऱ्यांची परीक्षा याहून कठीण.

गोड्या पाण्याचा धडाही पहिल्याच दिवशी मिळतो. जहाजावर समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी काढण्याचे यंत्र असते, पण त्याला इंधन जळते. नळ सोडून दात घासणाऱ्याला लगेच कुणीतरी टोकतो. टँकरची वाट पाहिलेल्या घरातली मुलगी असेल तर तिला हे शिकवावे लागत नाही.

समुद्रात सोडलेली मोट

गोव्यासमोर शंभरएक किलोमीटरपर्यंत समुद्र त्या मानाने उथळ आहे, दोनशे मीटरच्या आतला. त्यापुढे तळ एकदम खाली उतरतो, जसा सह्याद्रीचा कडा कोकणात उतरतो तसा. फरक इतकाच की हा कडा पाण्याखाली आहे. जहाजाचा वेग सायकलीपेक्षा थोडासा जास्त, तासाला अठरावीस किलोमीटर. सकाळी निघालेले जहाज या कड्याच्या पलीकडे येईपर्यंत दिवस मावळतो. इथे पहिला मुक्काम. नकाशावर आधीच ठरवलेली ही जागा. शेतातला मातीचा नमुना जसा ठरावीक अंतरावर खड्डे घेऊन काढतात, तसे समुद्रात ठरावीक अंतरावर थांबून पाण्याचे नमुने काढतात.

आपल्या भाषेत नांगर हा शब्द दोन्हीकडे चालतो, शेतातही आणि गलबतावरही. पण इथे नांगर टाकत नाहीत. इतक्या खोल पाण्यात तो टेकणार कोठे? इंजिन चालू ठेवूनच जहाज एका जागी धरावे लागते.

मग डेकवर ते यंत्र आणतात. पोलादी सांगाडा, त्यावर गोल रांगेत उभ्या लावलेल्या बारा किंवा चोवीस नळकांडी बाटल्या, आणि खाली पाण्याचा खारटपणा, उष्णता व खोली मोजणारी उपकरणे. लोखंडी तारेने हा सगळा डोलारा समुद्रात सोडतात. तार गुंडाळणाऱ्या यंत्राला विंच म्हणतात. तुमच्यापैकी ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे पाहून लगेच ओळख पटेल. नाडा सोडायचा, मोट बुडवायची, भरली की ओढायची. फरक एवढाच की आपली विहीर पन्नास-साठ फुटांची, आणि ही मोट जाते हजार मीटर, कधी त्याहूनही खाली.

बाटल्या खाली जाताना दोन्ही तोंडांनी उघड्या असतात, पाणी त्यांतून आरपार जात असते. परत वर येताना ठरलेल्या खोलीवर विंच थांबवतात. आत संगणकापाशी बसलेला माणूस कळ दाबतो आणि खाली एक बाटली खटकन मिटते. पुन्हा वर, पुन्हा थांबा, पुन्हा एक बाटली. अशा प्रत्येक बाटलीत वेगवेगळ्या खोलीचे पाणी बंद होऊन येते. तार सेकंदाला साधारण एक मीटर या बेताने सरकते. हजार मीटर खाली जाऊन परत यायला तासभर लागतो. घाई केली तर तारेला झोल पडतो, आणि तार तुटली तर लाखोंचे यंत्र तळाला.

संगणकाच्या पडद्यावर एक रेषा उमटत जाते. वर पाणी तीस अंश, म्हणजे अंघोळीच्या कोमट पाण्यासारखे. पन्नास-शंभर मीटरच्या पुढे रेषा एकदम वळते. दोनशे मीटरवर पंधरा ते सतरा अंश. हजार मीटरवर आठ-नऊ. वर घामाच्या धारा आणि खाली माघाची थंडी. आणि दाब किती? दर दहा मीटरला वर एका वातावरणाचा भार वाढतो. हजार मीटर खोलीवर नखाएवढ्या जागेवर एक क्विंटल वजन पडते. पहिल्या सफरीची आठवण म्हणून विद्यार्थी कधीकधी थर्माकोलच्या पेल्यावर आपले नाव लिहितात, तो जाळीच्या पिशवीत घालून यंत्राला बांधतात. वर येतो तेव्हा तो दाबला जाऊन अंगठ्याएवढा झालेला असतो, नाव मात्र त्यावर तसेच, मुंगीच्या अक्षरात.

बाटलीतला रंग

यंत्र डेकवर आले की पळापळ सुरू होते. हवेत विरणारे आधी काढायचे, म्हणून पहिला मान प्राणवायूच्या नमुन्याचा. नव्या मुलीच्या हाती काचेची छोटी बाटली आणि रबरी नळी देतात. नळी बाटलीच्या तळाला लावायची, पाणी हळू सोडायचे, बाटली भरून वाहू द्यायची. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला तर मोजलेला प्राणवायू समुद्राचा नव्हे, डेकवरच्या वाऱ्याचा. मग त्यात दोन रसायने घालायची, बूच लावायचे आणि हलवायचे.

आता पाहा. वरच्या थरातल्या पाण्यात लगेच दाट तपकिरी गाळ धरतो. तपकिरी म्हणजे प्राणवायू भरपूर. पन्नास मीटरच्या पाण्यातही तपकिरी. पण दोनशे, तीनशे मीटरच्या बाटल्या हलवल्या की गाळ पांढुरका येतो. पुन्हा हलवावे, पुन्हा पांढुरका. तिथे प्राणवायू नाहीच म्हटले तरी चालेल. अरबी समुद्राच्या पोटात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान असा गुदमरलेल्या पाण्याचा एक प्रचंड थर आहे. पुस्तकात तिने हे दहा वेळा वाचलेले असते. पण स्वतःच्या हातातल्या बाटलीत तो पांढरा रंग पाहणे वेगळे. दुपारी ज्या मुलीला घरी परतावेसे वाटत होते ती या क्षणी पोटातली कालवाकालव विसरते.

शेतकऱ्याला हा थर परका नाही. भातखाचरात पाणी साचून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो आणि टाकलेल्या खतातले नत्र वायू होऊन उडून जाते. पानांना पिवळेपणा येतो. समुद्राच्या या थरातही तेच घडते. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेट वापरू लागतात आणि नत्र हवेत निघून जाते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही पावसाळ्याच्या सुमारास प्राणवायू संपत असल्याचे गोव्याच्या शास्त्रज्ञांनी २००० साली जगापुढे मांडले, आणि जमिनीवरून वाहून येणाऱ्या नत्राचा त्याला हातभार लागत असावा असेही सुचवले. तेव्हा तुमच्या बांधावरून वाहून गेलेला युरिया फक्त तुमच्या खिशाचे नुकसान करतो असे समजू नका. ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत, असा तो पार इथवर येऊन पोहोचतो.

समुद्राचीही नांगरट होते

उरलेल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट तपासतात. म्हणजे आपले नत्र आणि स्फुरदच की! समुद्रातही पीक असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या जिवांचे पीक. जगातली सगळी हिरवी पाने मिळून जेवढे अन्न तयार करतात, जवळपास तेवढेच हे जीव करतात. त्यांना खाऊन झिंगे आणि लहान मासे जगतात, त्यांच्यावर मोठे. एप्रिलात वरच्या पाण्यात ऊन भरपूर, पण खत संपलेले. खत असते खाली, अंधारात, जिथे ऊन पोहोचत नाही. म्हणून या दिवसांत वरचे पाणी निळेशार दिसते. निळे पाणी दिसायला देखणे, पण पिकाच्या दृष्टीने माळरान.

जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की चित्र पालटते. वाऱ्याच्या जोराने किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाजूला सरकते आणि त्याच्या जागी खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. खोल नांगरट करून खालची माती वर आणावी तसे. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर ही नांगरट सर्वांत जोरात होते, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तिच्यापेक्षा कमी. मग पाणी हिरवट होते, तारली आणि बांगड्याची झुंबड उडते. जो वारा तुमच्या शेतावर पाऊस आणतो तोच कोळ्याच्या शेतात नांगर चालवतो.

पावसाचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या मोजमापाचा आपल्या पावसाशी संबंध काय?

पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९८४ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक गोष्ट दाखवून दिली. हिंदी महासागराच्या वरच्या पाण्याची उष्णता सुमारे २८ अंशांच्या वर गेली तरच त्यावर उंच, दाट ढगांची दाटी होण्याचा संभव वाढतो. त्याखाली तसे ढग क्वचित. म्हणजे आड तापला पाहिजे. पण तापला म्हणून ढग येतीलच असे नाही, वाऱ्याची साथही लागते. चुलीवर पाणी ठेवले म्हणून भात शिजत नाही, तांदूळही लागतात, तसे.

एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि लक्षद्वीपच्या बाजूचा अरबी समुद्र तीस अंशांच्या पुढे तापतो. त्यामागे एक गंमत आहे. पूर्वेकडच्या नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी बंगालच्या उपसागरात मिसळते. हिवाळ्यात त्यातले काही पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला येते. कमी खारट पाणी हलके, म्हणून ते दुधावरच्या सायीसारखे वर राहते. खालच्या थंड पाण्यात ते सहज मिसळत नाही, आणि उन्हाने लवकर तापते. म्हणजे गेल्या वर्षी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुलखात पडलेला पाऊस पुढच्या वर्षी आपल्या दारासमोरचा आड तापवायला हातभार लावतो.

उपग्रह वरून समुद्राची उष्णता पाहतात, पण त्यांना दिसते ती फक्त वरची कातडी. खाली गरम पाण्याचा थर दहा मीटर आहे की पन्नास, हे त्यांना दिसत नाही. थर जाड असेल तर ढगांना इंधन बरेच दिवस पुरते, पातळ असेल तर वाऱ्याच्या पहिल्याच घुसळणीत खालचे गार पाणी वर येते. ते मोजायला समुद्रात यंत्र सोडावेच लागते. आज जगाच्या समुद्रांत स्वतःहून बुडणारी आणि वर येऊन उपग्रहाला माहिती देणारी हजारो तरंगती यंत्रे आहेत. पण ती सोडायलाही जहाज लागते, आणि प्राणवायूपासून खतापर्यंत सगळे तपासून घ्यायला तर लागतेच.

एवढे करूनही पाऊस मुठीत आलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९९ साली 'सागर कन्या' बंगालच्या उपसागरात खास पावसाच्या अभ्यासासाठी गेली. २००२ साली तशीच मोहीम अरबी समुद्रात निघाली. आणि नेमका त्याच वर्षी जुलै कोरडा गेला. देशभर त्या महिन्यात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. दुबार पेरणी करूनही ज्यांच्या हाती काही लागले नाही त्यांना ते वर्ष आजही आठवत असेल. पाऊस शोधायला गेलेल्यांनाही पावसाने हुलकावणी दिली. पण न आलेल्या पावसाचीही नोंद लागते. औषध देण्याआधी वैद्य नाडी पाहतो. नाडीच्या नोंदी जितक्या जास्त, तितके निदान नेमके.

मध्यरात्रीची वही

जहाज रात्री झोपत नाही. चार-चार तासांच्या पाळ्या असतात. पहिल्याच रात्री मुलीच्या वाट्याला बारा ते चारची पाळी येऊ शकते. उसाला पाणी द्यायला रात्रीच्या विजेची वाट पाहणाऱ्या घरात ही वेळ ओळखीची आहे. डेकवर दिवे, भोवती काळोख, दिव्याच्या उजेडाला भुलून पाण्याच्या वर आलेले मासे. डोळे मिटत असतात, हात खारट पाण्याने चिकट झालेले असतात, आणि अजून सहा बाटल्या बाकी.

अशा वेळी एक मोह होतो. मागच्या दोन बाटल्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर तिसरीचाही अंदाजाने लिहून टाकावा. कोण पाहते आहे? समुद्राच्या मध्यावर, मध्यरात्री, कोणीही पाहत नसते. जहाजावरच्या पहिल्या दिवसाची खरी परीक्षा ही आहे. वाचकहो, नजरेने लावलेल्या पैसेवारीने गावाचे काय होते ते तुम्ही जाणता. कुणीतरी जीपमधून न उतरता पीक बरे म्हणून लिहिले, आणि सबंध गाव मदतीला मुकले. समुद्राच्या वहीतला खोटा आकडाही तसाच. तो पुढे कुणाच्या तरी गणितात जातो, गणितातून अंदाजात जातो, आणि अंदाज रेडिओवरून तुमच्या अंगणात येतो. म्हणून जुनी माणसे नव्यांना एकच शिकवतात : बाटली फुटली तर 'फुटली' असे लिही, मोजले नाही तर जागा कोरी ठेव, पण न मोजलेला आकडा लिहू नको.

मग पाठवावे का?

निर्णय तुमचा आहे. हवापाणी आपल्या हाती नसते, हे खरे. पण जहाजावर कडक शिस्त असते, प्रत्येकाची हजेरी असते आणि मुलगी एकटी नसते. तिला दम्यासारखा किंवा दुसरा जुना आजार असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. नाही म्हणायचे झाले तर ते प्रकृतीच्या कारणाने म्हणा, मुलगी आहे म्हणून नको.

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. या कामाला समुद्रकाठी जन्मावे लागत नाही. रसायन, पदार्थविज्ञान, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, यांपैकी एखाद्या विषयातला पाया पक्का हवा. गोवा विद्यापीठात आणि कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्रविज्ञानाचे पुढचे शिक्षण मिळते. माशांच्या शास्त्राकडे ओढा असेल तर आपल्या रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. पोहता येत असेल तर उत्तम. गावाच्या विहिरीत मुलग्यांना ढकलतो तसे मुलींनाही कुणी जाणत्याने पोहायला शिकवावे.

आणि जाणारच असेल तर डब्यात चिवडा, आलेपाक, थोडे लिंबाचे लोणचे बांधून द्या. चप्पल नको, बंद बूट द्या. जाड दोऱ्याने शिवलेली एक वही द्या, कारण भिजलेल्या हातांनी लिहिताना पाने सुटतात. पेन नको, शिसपेन्सिल द्या, पाणी लागले तरी अक्षर पुसत नाही. यंदा मृगाला आभाळ भरून येईल तेव्हा त्या आडाचे पाणी कोणत्या दिवशी किती तापले होते, याची एक ओळ त्या वहीत तुमच्या लेकीच्या हाताने लिहिलेली असेल.